निळीचे नऊ दिवस

ओलं नऊवारी लुगडं एकट्याला पिळता येत नाही. एकानं इकडचं टोक धरायचं, दुसऱ्यानं तिकडचं. एकानं एकीकडे पीळ द्यायचा, दुसऱ्यानं उलट. कापड आखडत जातं, पाणी खाली धो धो पडतं आणि दोघं पाऊल पाऊल सरकत एकमेकांच्या जवळ येतात. शेवटी मुठीला मूठ लागते. रंगाऱ्याच्या घरी हे रोज शंभर वेळा होतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मला वाटलं. त्यालाही वाटलं. पहिल्यांदा कुणाला, यावर आम्ही म्हातारे होईपर्यंत भांडलो.

मी शाळेत चार इयत्ता शिकलो, त्याही कानडीत. मराठी अक्षरं बापानं घरी गिरवून घेतली. मैसुरात आमच्या सात पिढ्या गेल्या, पण चूल मराठीच राहिली. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. असू देत. मी कुणाकडून तपासून घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. हे लिहायला मला एका बाईनं सांगितलं आहे. का, ते पुढे येईल.

तो कोटेचा. एच. डी. कोटेच्या पुढे त्यांचं घर होतं. जुन्या राजवटीत शिपाईगिरीला आलेल्या मराठी घराण्यातला. घरात गंजलेली तलवार आणि खायला नाचणी. बाप लवकर गेला, मागे आई आणि धाकटी बहीण. विसाव्या वर्षी तो आमच्या रंगखान्यात कामाला आला. मी मालकाचा धाकटा मुलगा, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला काही येत नसेल असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी तो निळीच्या रांजणावर वाकला, एकदा वास घेतला आणि म्हणाला, "चुना जास्त झालाय." बापानं चाखून बघितलं. झालाच होता.

वासावरून रांजण ओळखणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

माझ्या हातात जोर फार. पिळायला उभे राहिलो की मी शेवटचा थेंब निघेपर्यंत पीळ देत राहायचो. तो समोरून म्हणायचा, "हळू रे, फाटेल." मी मुद्दाम आणखी जोर द्यायचो. मग तो टोक सोडून द्यायचा आणि मी मागच्या मागे मोरीत बसायचो. सगळा रंगखाना हसायचा. मी रागानं उठायचो, पण राग टिकायचा नाही.

चार वर्षं अशी गेली. त्यातलं सगळं लिहिणार नाही. बंद दाराआड दोन माणसं एकमेकांशी कशी वागली ते त्या दोघांचं असतं. एवढं लिहितो, की त्याच्या मनगटावर निळीची रेघ कोपरापर्यंत चढलेली असायची आणि ती कुठे संपते हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं.

मग त्याच्या मामानं कोइमतूरच्या गिरणीत त्याची जागा लावली. तिथेच एक मुलगीही बघून ठेवली. ही बातमी त्यानं मला पिळतानाच सांगितली, मुठी जवळ आल्यावर.

"पुढल्या सोमवारी निघतो."

"नाही म्हणून सांग."

"काय कारण सांगू? तूच सांग की. काय सांगू मी मामाला?"

मी पीळ दिला. लुगडं मधोमध टरकलं. या वेळी तो काही म्हणाला नाही.

आता रांजणाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वेळी बाकीचे रंग डब्यातून यायला लागले होते, पण नीळ अजून घरीच आंबवून उठवायचो. निळीच्या वड्या, चुना, गूळ, टाकळ्याचं शिजवलेलं बी. नवा रांजण लावला की नऊ दिवस त्याला एकाच माणसाचा हात लागायचा. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, फेस बघायचा, झाकायचं. दाराला लिंबाची डहाळी आणि गाठ मारलेली पांढरी चिंधी बांधायची. ती दिसली की त्या दारावर थाप मारायची नाही. दारापाशी कुणाचं नाव घ्यायचं नाही. मरणाची, आजाराची बातमी अंगणातसुद्धा बोलायची नाही. बोललात तर रांजण रुसतो, मेहनत नासते. प्रत्यक्ष माझा बाप, ज्यानं ती जागा बांधली, तोही नऊ दिवस ते दार उघडत नसे. आणि आणखी एक. रांजणाच्या काठावर हात ठेवून रंगारी खोटं बोलत नाही. आमच्यात भांडणं मिटायची ती या शपथेवर.

त्या सोमवारी नवा रांजण मी लावला. डहाळी-चिंधी मीच बांधली.

तो सकाळी सगळ्यांचा निरोप घेऊन, ट्रंक हातात घेऊन निघाला होता. बापाच्या पाया पडला. वहिनी तेव्हा दोन वर्षांची सासुरवाशीण, तिनं त्याच्या हातावर दही घातलं. मी त्याला मागच्या अंगणात गाठलं आणि म्हटलं, "जाता जाता एकदा वास घेऊन जा. चुन्याचा अंदाज येत नाही."

त्याला हे नाकारता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तो ट्रंकेसकट आत गेला आणि रांजणावर वाकला. मी बाहेर येऊन कडी घातली आणि तिला कुलूप लावलं.

घरातल्यांना वाटलं तो गेला. कोइमतूरच्या मामाला वाटलं पोरगं अजून निघालं नाही. मधले नऊ दिवस तो जगात कुठेच नव्हता. माझ्या बापाच्या घरात होता.

आत हौद होता, मोरी होती, वर वाफ जायला जाळी होती. ढवळण्याच्या निमित्तानं मी दोनदा जायचो, पंच्याखाली भाकरी घेऊन. पहिल्या दिवशी त्यानं मला कानडीत शिव्या दिल्या, हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी जेवला नाही. पलीकडे भिंतीला लागून स्वयंपाकघर होतं. एक हाक मारली असती तर वहिनी आली असती, बाप आला असता, डहाळी असो नाहीतर आणखी काही. त्यानं मारली नाही. लोकांनी विचारलं असतं, तुला यानं कोंडलं कशाला? त्याचं उत्तर त्यालाही द्यावं लागलं असतं. मी ते ओळखून होतो. कुलूप मी लोखंडाचं लावलं होतं, पण माझी भिस्त त्यावर नव्हती.

तिसऱ्या दिवशी ढवळताना माझा हात कापत होता. त्यानं काठी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ढवळलं.

"कापतोस कशाला? कोंडलेला मी आहे."

"तू जाशील."

"दार उघड. उघडलंस तर कदाचित जाणार नाही."

"कदाचित?"

"मग काय कागदावर लिहून देऊ?"

मी उघडलं नाही. आज मला वाटतं, तो राहिला असता. पण त्याच्या 'कदाचित'वर मला विश्वास ठेवता आला नाही. ज्याच्या हातात कडी असते त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायची सवय राहत नाही.

पाचव्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, कोटेहून एक माणूस आला. त्यांच्या शेजारचा, बैलगाडी हाकणारा. अंगणात येऊन तोंड उघडणार तेवढ्यात त्याला दारावरची डहाळी दिसली. आमच्याकडे माल आणून टाकायचा, त्यामुळे रीत त्याला माहीत होती. त्यानं तोंड मिटलं आणि मला हातानं बाहेर रस्त्यावर बोलावलं.

"त्याची आई जाते बघ," तो कानाशी म्हणाला. "तीन दिवस बोलणं नाही. नुसतं दाराकडे बघते. बहिणीनं धाडलंय मला. पोरगा कुठाय?"

"कोइमतूरला गेला."

"अय्यो! मग?"

"तार करतो. तू जा."

तो बिचारा माझ्यावर विश्वास ठेवून गेला. डहाळी नसती तर तो अंगणात ओरडून बोलला असता. जाळीतून आत ऐकू गेलं असतं.

मी भाकरी घेऊन आत गेलो. तो ट्रंकेवर बसला होता. त्या दिवशी प्रथमच त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, "हे बघ, तुझं डोकं ठिकाणावर येईल तेव्हा येईल. पण कोटेला एक कार्ड टाक. आई वाट बघत असेल. कोइमतूरला पोचलो असं लिही. खोटं चालेल."

मी म्हटलं, "टाकतो."

मी तेव्हा असा हिशेब केला: म्हातारी दर थंडीत अंथरूण धरते आणि उठते. याही वेळी उठेल. हे मी चार दिवस स्वतःला सांगत राहिलो. सांगितलं असतं तर तो गेला असता, आणि तिथून परत माझ्याकडे येण्याचं त्याला काही कारण नव्हतं. माणूस इतका नीच होतो तेव्हा त्याला आपण नीच आहोत असं वाटत नाही. त्याला वाटतं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे.

आठव्या दिवशी ती गेली, ते मला मागाहून कळलं. नवव्या दिवशी मी कुलूप काढलं आणि त्याला म्हटलं, "आत्ता निरोप आलाय. आईचं बरं नाही."

त्यानं माझ्या कानफटात एक मारली आणि धावत सुटला. ट्रंक तिथेच.

तो पोचला तेव्हा चुलत भावानं अग्नी देऊन एक दिवस झाला होता. तेरा दिवसांनी तो परत आला. डोकं भादरलेलं, पायात काही नाही. सरळ रंगखान्यात आला.

"बहीण म्हणते निरोप पाचव्या दिवशी पोचला. माणूस तुझ्याशी बोलून गेला म्हणते. खरं काय ते सांग."

मी बोलणार तेवढ्यात त्यानं माझा हात धरून रांजणाच्या काठावर ठेवला.

"इथे सांग."

रांजण उठला होता. वर तांबूस साय धरली होती, असा फेस आला होता की बाप शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होता. मी काठावर हात ठेवून म्हटलं, "नवव्या दिवशी आला. तुझ्या बहिणीनं उशीर केला, आता ती माझ्यावर ढकलते."

त्यानं मान डोलावली. रंगारी या शपथेवर खोटं बोलत नाही, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. त्यानं बहिणीला खोटं ठरवलं आणि मला खरं.

खोट्या शपथेनं रांजण नासतो म्हणतात. नासला नाही. त्या खेपेची नीळ आमच्या घरात कधी झाली नव्हती अशी झाली. त्या दिवसापासून मी कुठल्याच रीतीवर विश्वास ठेवला नाही. त्यानं मात्र ठेवला.

कोइमतूरची जागा गेली होती. मुलगीही गेली. कोटेचं दार बंद झालं होतं. तो राहिला. मी स्वतःला सांगत आलो की तो माझ्यासाठी राहिला. असेलही. पण त्याला जायला दुसरी जागा मी ठेवली नव्हती, हेही तितकंच खरं.

नऊ दिवस कोंडल्याचं त्यानं मला कधीतरी माफ केलं. कधी केलं ते कळलं नाही. पुढे रंगखाना बंद पडला, मागची जागा विकली, आणि आम्ही दोघांनी जयलक्ष्मीपुरमात जुन्या साड्यांना रंग देण्याचं दुकान घातलं. चाळीस वर्षं चालवलं. त्या भागातल्या बायका त्याच्याशी बोलायला यायच्या, माझ्याशी नाही. "तुमचे भाऊ का हो ते, ते रागीट?" असं त्याला विचारायच्या. "भाऊ नाही, मालक," म्हणायचा आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक करायचा. मी लग्न केलं नाही. त्यानंही नाही. नातेवाईक काही वर्षं बोलले, मग थकले. माझा थोरला भाऊ वारल्यावर घरात वहिनी आणि आम्ही दोघं, तिघंच राहिलो. दसऱ्याला तो आईच्या नावानं एक पान वाढून ठेवायचा आणि ते कावळ्याला घालायचा. ते पान बघून मी दरवर्षी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ अर्धी गेली. मी त्याचं सगळं केलं. अंघोळ, कपडे, सगळं. उपकार म्हणून सांगत नाही. त्याच्या ओल्या चादरी मी एक टोक नळाला बांधून एकट्यानं पिळायचो. तो खाटेवरून बघायचा. कधी हसायचा, एका बाजूनं.

पण आता तोच खाटेला बांधलेला, मीच दोन वेळा ताट घेऊन आत जाणारा. दार लोटताना मला रोज तो लिंबाच्या पानांचा वास यायचा. वहिनीला विचारलं तर म्हणायची, कसला वास, काही नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याची बहीण आली. कधी नव्हे ती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मैसुरात आली होती, काळा चष्मा लावून, काठी टेकत. कुणीतरी तिला त्याच्या आजाराचं सांगितलं असावं. वहिनी तिला आत घेऊन आली. ती बसली नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "डोळ्यांना दिसायला लागलं म्हणून बघायला आले. तुला अखेरचं काय ते बघून घ्यावं म्हटलं. आईनं तुला बघायला तीन दिवस डोळे मिटले नाहीत. निरोप मिळूनही वेळेवर आला नाहीस. का रे? गिरणीतली नोकरी एवढी गोड होती?"

त्याच्या घशातून आवाज निघाला. "खो... टं."

"मी खोटी? अजून मीच खोटी? साकु, अण्णा, पुरे. आता तरी."

त्यानं डावा हात उचलला आणि माझ्याकडे केला. "तू... सांग."

त्यानं माझ्या भरवशावर सख्ख्या बहिणीला पन्नास वर्षं तोडलं होतं, आणि आता तोच मला साक्षीला उभं करत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, "त्याला त्रास देऊ नका. डॉक्टरनं बोलायला नको म्हटलंय."

ती निघून गेली. चष्म्याखालून पाणी पुसत, डोळा चोळायचा नाही म्हणून फक्त गालावरचं पुसत.

वहिनी तिला फाटकापर्यंत सोडून आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली.

"भावजी," ती म्हणाली, "त्या वेळी तिसऱ्या दिवशी मी भिंतीपलीकडे खोकला ऐकला होता. त्याचाच होता. मी ओळखला होता."

मी तिच्याकडे पाठ करून पाणी घ्यायला लागलो.

"रांजणाचं दार म्हणून मी गप्प राहिले. नवी होते. नंतर म्हटलं, आपल्याला भास झाला. पन्नास वर्षं एका घरात दोन पुरुषांची ताटं शेजारी शेजारी वाढली मी. मला काय दिसत नव्हतं होय? त्याचं मला काही नाही. पण त्या बाईला आज का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"ते तुम्हाला ठाऊक."

मला चार दिवस लागले. लाज वाटत होती असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मला त्याची भीती वाटत होती. त्याच्या एका डोळ्यात अजून माझ्यासाठी जे होतं ते जाईल याची. त्या एका गोष्टीवर मी जगलो होतो आणि ती चोरीची होती.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला नाचणीची आंबील भरवत होतो. अर्धी वाटी झाली होती. मी चमचा ठेवला आणि सांगितलं. गाडीवाला कधी आला, काय म्हणाला, कार्डाचं तू म्हणालास त्या दिवशीच आला होता, रांजणावर हात ठेवून मी काय बोललो. काही राखलं नाही. बोलायला फार वेळ लागत नाही. पन्नास वर्षं धरून ठेवलेलं आंबील निवायच्या आत संपलं.

मला वाटलं तो मारील. मारावं अशी इच्छा होती. त्यानं डावा हात उचलला, वाटी ढकलली, आणि मान भिंतीकडे केली.

तीन दिवस त्यानं माझ्या हातचं काही घेतलं नाही. वहिनीनं भरवलं तर घ्यायचा. मी खोलीत गेलो की डोळे मिटायचा. चौथ्या दिवशी मला बघून डोळे उघडे ठेवले आणि एकच शब्द बोलला.

"कोटे."

"तुला न्यायचं?"

"तू... पण." मग जीभ सावरून, "सांग. तिला."

मी गाडी ठरवली. मागच्या सीटवर त्याला टेकवून बसवलं. सबंध वाटेत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, कारण ते दुसरीकडे टिकत नव्हतं. तेवढ्यावरून मी काही समजून घेतलं नाही.

बहिणीच्या घरी कुणी तंबाखूच्या पिशव्या शिवत होतं, कुणी टीव्ही बघत होतं. पोरं, सुना, शेजारी, सगळे जमा झाले. त्याला आत घेतलं. मी जगलीवर, म्हणजे त्यांच्या ओट्यावर, उभा राहिलो आणि तिला बाहेर बोलावलं.

"निरोप पाचव्या दिवशी आला होता," मी म्हटलं. "मला मिळाला. तो कोइमतूरला गेलाच नव्हता. मी त्याला रंगखान्यात कोंडला होता. त्याला मी सांगितलं नाही. नंतर शपथेवर खोटं बोललो. तो तुला खोटी म्हणाला ते माझ्यामुळे. त्याचा दोष नाही."

टीव्ही कुणीतरी बंद केला.

"कोंडलंस?" ती म्हणाली. "याक? का कोंडलंस?"

याच प्रश्नाला मी जन्मभर टाळत आलो होतो. माझ्या बापाचं नाव त्या भागात अजून घेतात. मी कुणापुढे मान खाली घातलेली नाही. तिथे मी घातलीही नाही, वर ठेवूनच बोललो, कारण या एका गोष्टीची मला लाज नव्हती.

"तो लग्न करून जाणार होता. मला त्याच्याशिवाय राहता आलं नसतं. म्हणून."

एका सुनेनं तोंडावर पदर घेतला. एक पोरगा हसायला लागला आणि त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. बहिणीनं मला नव्या डोळ्यांनी नीट बघून घेतलं.

"मग सांगून टाकायचं होतं आईला," ती म्हणाली. "ती शिपायाच्या घरातली होती. तुझ्या दोन थोबाडीत मारून त्याला तुझ्याकडे पाठवलं असतं, नाही तर नसतं. पण त्याला बघून मेली असती."

मग म्हणाली, "तो इथे राहील. तू जा." मी उतरत होतो तेव्हा मागून आवाज आला, "आणि हे लिहून दे. तुझ्या हातानं. मी मेल्यावर माझ्या पोरांनी माझ्या भावाला पाठ फिरवलेला म्हणू नये. सगळं लिही, अर्धं नको."

तिला मी पानभर लिहून दिलं, अंगठाही उठवला. ते पान त्यांच्या देवघरात आहे. पण ते तिच्यापुरतं होतं. हे बाकीचं मग थांबेना.

आता मी महिन्यातून दोनदा कोटेच्या बसनं जातो. कुणी बोलावत नाही, कुणी हाकलत नाही. मी जगलीवर बसतो. आत खिडकीपाशी त्याची खाट. मी आलो की तो भिंतीकडे तोंड करतो. दोन तास बसतो, चारच्या बसला निघतो. सून पाणी आणून ठेवते. पहिल्या खेपेला मी खिडकीतून हाक मारली होती. आतून उत्तर नाही. परत मारली नाही. बसमध्ये एक ओळखीचा भेटला, म्हणाला, "म्हाताऱ्या, कशाला हेलपाटे घालतोस? तो तुझ्याशी बोलायचा नाही." मी म्हटलं, "बोलू नको देत. बस तुझ्या पायावरून जात नाही ना?"

घरी वहिनी अजून तीन ताटं काढते आणि एक परत ठेवते. मी तिला बोलत नाही.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा सुना शेतावर होत्या. बहीण अंगणात एकटी, त्याची चादर धुवत होती. जाड, खादीची, पाणी पिऊन धोंड्यासारखी झालेली. तिनं ती उचलायचा प्रयत्न केला, खांबाला अडकवली, ती घसरली. दोनदा घसरली. मी बघत होतो. उठलो नाही, कारण मला त्या घरात कशालाही हात लावायचा हक्क नाही.

तिसऱ्यांदा घसरल्यावर ती माझ्याकडे वळली. चादरीचं एक टोक घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकलं.

मी उठलो. तिनं तिकडचं टोक धरलं. मी पीळ दिला, तिनं उलटा दिला. पाणी खाली पडायला लागलं. म्हाताऱ्या हातांत अजून जोर आहे, आणि जोर आला की मला थांबता येत नाही. चादर आखडत आली, तिचे पाय मातीत सरकायला लागले.

खिडकीतून आवाज आला. अर्ध्या जिभेचा, बोबडा, चिडलेला.

"हळू... फाटेल."

मी हात सैल केले. मान वर करून बघितलं तेव्हा त्याचं तोंड पुन्हा भिंतीकडे होतं. बहिणीनं चादर झटकून दोरीवर टाकली. मी ओले हात धोतराला पुसले आणि चारच्या बसला निघालो.